पूल कोरडा, उतार पाण्यात

2024 च्या ऑगस्टमधली गोष्ट आहे. जन्माष्टमी सोमवारी होती आणि पाऊस जो लागला तो थांबेचना. माझ्या काकांचं डायलिसिस मंगळ-गुरु-शनि असतं, आम्ही राहतो बडोद्याला दांडिया बझारात आणि सेंटर आहे रेल्वे लाइनच्या पलीकडे, एरवी रिक्षाने वीस मिनिटं. मंगळवारी घरातून निघताच आलं नाही. बुधवारी सकाळी काकांचे दोन्ही पाय सुजलेले, आडवं पडलं की दम लागायचा म्हणून रात्र त्यांनी खुर्चीत बसूनच काढलेली, आणि काकू काही न बोलता त्यांच्या नडगीवर बोट दाबून बघत होती, खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. सेंटरला फोन लावला तर ते म्हणाले मशीन चालू आहे, जनरेटर आहे, स्टाफ रात्रीपासून इथेच थांबलाय, तुम्ही फक्त पेशंटला घेऊन या.

म्हणजे बघा, डॉक्टर होता, मशीन होतं, वीज होती, पैसे होते. नव्हता तो फक्त रस्ता.

एका बांधकामाच्या साइटवरचा ट्रॅक्टर मिळाला, ट्रॉलीत प्लॅस्टिकची खुर्ची ठेवून दोरीने बांधली, काकांना तिच्यावर बसवलं. पुलावर चढलो तर पूल अगदी कोरडा. खालून विश्वामित्री मातकट फेसाळत चाललेली, लोक कठड्याला टेकून मोबाईलवर व्हिडिओ काढत उभे होते. आणि पलीकडे जिथे पूल रस्त्याला टेकतो तिथे, उतार संपायच्याही आधी, डांबर पाण्यात शिरून दिसेनासं झालेलं. ट्रॅक्टरवाला एकदा मागे वळून काकांकडे बघून म्हणाला, "काका, पकडी राखजो," आणि गाडी पाण्यात घातली. पाणी ट्रॉलीच्या फळीपर्यंत आलं. दुभाजक कुठे आहे ते फक्त त्याच्यावरच्या झाडांच्या शेंड्यांवरून कळत होतं. वीस मिनिटांच्या रस्त्याला पावणेदोन तास लागले, पण पोचलो, काका वाचले, आणि पुढचे तीन दिवस आम्ही परतलोच नाही, तिकडेच एका नातेवाइकांकडे राहिलो, कारण गुरुवारची पाळी पण गाठायची होती.

हे सगळं लिहिलं ते आमच्यावर काय बेतलं हे सांगायला नाही. त्या दिवशी शहरात आमच्यापेक्षा कितीतरी जास्त भोगलेली माणसं होती. पण त्या उताराने माझ्या डोक्यात जो प्रश्न बसवला तो गेलेला नाही. कोट्यवधी रुपये घालून बांधलेला पूल पुराच्या वर राहिला, छान काम केलं त्याने, आणि तरी तो निकामी होता, कारण त्याला जोडणारा शे-दीडशे मीटरचा रस्ता खाली होता. पूल वाचवण्यावर पैसा गेला, जोडणी वाचवण्यावर नाही. मला जे म्हणायचंय ते हेच आहे की आपत्तीला टिकणारे रस्ते करायचे म्हणून जो पैसा खर्च होतो, तो रस्ता किती मोठा, किती गर्दीचा, किती खड्ड्यांचा यावरून वाटून चालणार नाही, तो तुटला तर कोण कुणापासून तुटतं हे बघून वाटला पाहिजे. आणि ते आधी कागदावर मांडून, लोकांना दाखवून.

बडोद्याचा नकाशा डोळ्यासमोर आणा. विश्वामित्री पावागडच्या डोंगरात उगम पावते, शहरात उत्तरेकडून शिरते आणि वळणं घेत घेत दक्षिणेला बाहेर पडून पुढे ढाढर नदीला मिळते. तिच्या पूर्वेला जुनं गाव, मांडवी, रावपुरा, आमचा दांडिया बझार, सयाजी हॉस्पिटल. पश्चिमेला सयाजीगंज आणि स्टेशन. आणि स्टेशनच्याही पलीकडे, रेल्वे लाइनच्या पश्चिमेला, अलकापुरी, अकोटा, गोत्री. म्हणजे हे शहर दोनदा कापलेलं आहे, एकदा नदीने आणि एकदा रेल्वेने. नदी ओलांडायला मोजके पूल, रेल्वे ओलांडायला मोजके ओव्हरब्रिज आणि गरनाळे, म्हणजे रुळांखालून जाणारे रस्ते. अलकापुरीचं गरनाळं तर बडोद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे, पूर सोडा, नुसता तासभर जोरात पाऊस झाला तरी ते भरतं आणि सगळी गर्दी ओव्हरब्रिजवर वळते आणि मग तिथे कुणीच हलत नाही. आता पुराच्या दिवशी काय होतं ते जोडून बघा. गरनाळे पाण्याखाली, नदीवरचे काही पूल बंद, काही पूल उघडे पण उतार बुडालेले, एका शहराचे तीन तुकडे होतात आणि कुठला तुकडा कुठल्या वाटेने जोडलेला आहे हे कुणालाच नक्की सांगता येत नाही. आम्ही त्या सकाळी अकरा जणांना फोन केले होते, अकरा वेगवेगळी उत्तरं आली.

आणि हे शंभर वर्षांतून एकदा होणारं नाही. 31 जुलै 2019 ला बडोद्यात 24 तासांत 500 मिलिमीटरच्या जवळपास पाऊस पडला होता, तेव्हाही शहर असंच बंद पडलं. पाच वर्षांनी 2024 ला काळा घोडा पुलाजवळ नदीची पातळी 37 फुटांवर गेली, धोक्याची खूण असते पंचवीस-सव्वीस फुटांवर. पाच वर्षांत दोनदा. त्यामुळे "असा पाऊस काय रोज पडतो का" हे उत्तर आता कुणी देऊ नये.

रस्त्याचा पैसा सध्या कसा ठरतो? ज्या रस्त्यावर गाड्या जास्त तो रुंद करायचा, जिथे खड्डे जास्त आणि ओरड जास्त तिथे डांबर, जिथे सिग्नलला रांग लागते तिथे फ्लायओव्हर. गर्दीचा त्रास खरा आहे, मी पण रोज त्यात अडकतो. पण हा हिशोब कोरड्या दिवसाचा आहे. वर्षातल्या साडेतीनशे दिवसांचा. पुराचा दिवस त्यात कुठेच येत नाही, कारण त्या दिवशी गाड्या मोजायला कुणी उभं नसतं.

पुराच्या दिवसाचा हिशोब वेगळा करावा लागतो आणि तो अवघड अजिबात नाही. शहराचे सगळे रस्ते आणि पूल कंप्युटरवर मांडायचे आणि एकेक जोडणी काढून बघायची. हा पूल नसला तर लोक कुठून जातील, किती लांब पडेल, की जाताच येणार नाही? मग दोन-दोन एकदम काढायच्या, कारण पुरात एकटा एक रस्ता कधीच बंद होत नाही, एकाच पातळीवरचे सगळे एकदम जातात. इंजिनियर लोक याला क्रिटिकॅलिटी म्हणतात. यातून जी यादी निघते ती गर्दीच्या यादीपेक्षा वेगळी निघते हे महत्त्वाचं. एखादा सहा पदरी रस्ता बंद पडला तरी शेजारून चार वाटा असतात, शहर कुरकुरत का होईना चालतं. आणि ओढ्यावरची एखादी दुपदरी मोरी, जिच्यावरून दिवसाला फार गाड्या जात पण नाहीत, ती बुडाली की पलीकडच्या दहा सोसायट्या बेट होतात. मग त्या यादीवर दुसरी माहिती ठेवायची, पाणी कुठे किती चढतं. ती तर आपल्याकडे 2019 आणि 2024 च्या पुराने भिंतीभिंतीवर लिहून ठेवलेली आहे, कुठल्याही सोसायटीच्या वॉचमनला विचारा, तो हात लावून दाखवेल इथपर्यंत आलं होतं. तिसरी माहिती त्या पुलाची किंवा मोरीची तब्येत. जी जोडणी तुटली की सगळ्यात जास्त माणसं तुटतात, जिथे पाणी येतं हे माहीत आहे आणि जी आधीच कमजोर आहे, तिथे पहिला रुपया. एवढं साधं आहे हे.

माही नदीवरच्या गंभीरा पुलाचं उदाहरण तर आपल्याच जिल्ह्यातलं आहे. पादरा तालुका आणि आणंद जिल्हा जोडणारा, 1985 च्या सुमाराचा पूल. 9 जुलै 2025 ला सकाळी त्याचा एक गाळा कोसळला, गाड्या नदीत गेल्या आणि किमान वीस माणसं मेली. तो पुराने पडला नाही, पण गोष्ट तीच आहे. आणंदच्या बाजूची कितीतरी माणसं पादऱ्याच्या कारखान्यांत कामाला यायची, बाइकवर पूल ओलांडला की कामावर. पूल गेला आणि त्यांच्यासाठी नदी एकदम समुद्राएवढी झाली, उमेटाकडून किंवा वासदकडून वळसा घालून या. नवीन पुलाला मंजुरी आधीच मिळाली होती हे नंतर बातम्यांतून कळलं, चार इंजिनियर सस्पेंड झाले, राज्यभर पुलांची तपासणी झाली. तपासणी व्हायलाच हवी. पण जुना आहे, थरथरतो, जवळपास दुसरा पूल नाही, एवढ्या तीन गोष्टी एका ओळीत लिहिल्या असत्या तरी हा पूल कुठल्याही यादीत वर आला असता. आपण पुलाचं वय मोजतो, कधी कधी तब्येतही मोजतो, पण "याला पर्याय आहे का" हा रकाना फॉर्ममध्ये नसतो.

महाराष्ट्रातल्या लोकांना महाडचा सावित्रीवरचा पूल आठवत असेल. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री ब्रिटिशांच्या काळातला दगडी पूल पुरात वाहून गेला, दोन एसटी बस आणि आणखी गाड्या अंधारात नदीत गेल्या. पुढे नवीन पूल 165 दिवसांत उभा राहिला आणि त्याचं खूप कौतुक झालं. कौतुक रास्तच होतं, पण मला तेव्हापासून वाटतं की ज्या देशात 165 दिवसांत पूल होऊ शकतो तिथे आधी न होण्याचं कारण तंत्र नाहीये, पैसाही बहुतेक वेळा नाहीये. नंबर लागत नाही हे कारण आहे. आणि नंबर माणसं मेल्यावरच लागतो.

पैशाचं म्हणाल तर त्यावरही बोलू, कारण पहिला आक्षेप तोच येतो. जागतिक बँकेच्या 2019 च्या अभ्यासात असा हिशोब आहे की वीज, पाणी, रस्ते यांची नवीन कामं आपत्तीला टिकतील अशी करायची तर सरासरी खर्च फक्त 3 टक्क्यांच्या आसपास वाढतो आणि त्यात घातलेल्या प्रत्येक डॉलरमागे चार डॉलरचा फायदा होतो. अट एकच आहे आणि ती विसरली की सगळा हिशोब बिघडतो. पैसा सगळीकडे सारखा पसरून घातला तर हे आकडे येत नाहीत, धोका नक्की कुठे आहे हे माहीत असेल आणि तिथेच घातला तर येतात. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात जगभरच्या रस्त्यांवर आणि रेल्वेवर नजर टाकली होती, त्यात निघालं की साधारण 27 टक्के रस्ते-रेल्वे कुठल्या ना कुठल्या आपत्तीच्या वाटेत आहेत आणि दरवर्षी होऊ शकणाऱ्या नुकसानातला जवळपास 73 टक्के भाग नदीच्या आणि पावसाच्या पुराचा आहे. भूकंप, वादळ हे टीव्हीवर जास्त दिसतात, पण रस्ता खातं ते पाणी. आणि पाणी भूकंपासारखं कुठूनही येत नाही ना, ते उतार बघूनच येतं, वर्षानुवर्षं त्याच वाटेने येतं. म्हणून तर त्याच्याविरुद्ध पैसा नेमका घालता येतो.

आता मला जी गोष्ट सगळ्यात जास्त टोचते ती. फायदा-तोट्याचा हिशोब रुपयांत केला की रुपये जिथे जास्त तिथेच फायदा जास्त दिसतो. मॉलसमोरचा रस्ता बंद पडला तर लाखोंचा धंदा बुडाला असं धरलं जातं, आणि वडसरच्या किंवा कलालीच्या बाजूच्या वस्तीची मोरी बुडाली तर तिथल्या बाईची एका दिवसाची धुणीभांडी बुडाली, ती हिशोबात कितीशी भरणार? पण तिच्या घरात त्या दिवसाचं तेवढंच होतं. माझ्या काकांचा मंगळवार रुपयात मोजायचा तर किती? रिटायर्ड माणूस, कमाई शून्य, सरकारी हिशोबाने ते डायलिसिसला पोचले काय नि न पोचले काय शहराच्या उत्पन्नाला काही फरक पडत नाही. म्हणून मी म्हणतो की रुपयांच्या शेजारी तासांचा रकाना हवा. पुराच्या दिवशी या वस्तीतून हॉस्पिटलला किती वेळ लागेल, फायर ब्रिगेड किती वेळात पोचेल, दूध आणि पाण्याचा टँकर किती तासांनी येईल. ज्या कामाने हे तास सगळ्यात जास्त माणसांसाठी कमी होतात ते काम आधी. मग गोत्रीचा माणूस आणि वडसरचा माणूस सारखाच मोजला जाईल.

डिझाइनबद्दल एक गैरसमज आहे तो इथेच सांगतो. मोठे पूल साधारण शंभर वर्षांच्या पुरासाठी डिझाइन होतात, छोटे पूल आणि मोऱ्या पन्नास वर्षांच्या. लोकांना वाटतं म्हणजे शंभर वर्षं चिंता नाही. तसं नाहीये, त्याचा अर्थ दरवर्षी शंभरात एक एवढी शक्यता. पन्नास वर्षं तो पूल वापरला तर त्या काळात तसा पूर एकदा तरी येण्याची शक्यता साधारण 40 टक्के होते. आणि पन्नास वर्षांवाली मोरी पन्नास वर्षं वापरली तर 64 टक्के, म्हणजे येईल असंच धरून चाला. त्यात हे आकडे जुन्या पावसाच्या नोंदींवरून काढलेले असतात आणि पाऊस आता तेवढाच पण कमी तासांत पडायला लागलाय, आणि वरच्या बाजूची शेतं जाऊन तिथे काँक्रीट झालंय, त्यामुळे तोच पाऊस पूर्वीपेक्षा लवकर आणि जास्त पाणी घेऊन मोरीवर येतो. मोरी आहे तेवढीच.

मग काय सगळं उंच करायचं? नाही. आणि इथे मी बऱ्याच लोकांशी भांडलोय, कारण पूर आला की पहिली मागणी येते रस्ता उंच करा. रस्ता उंच केला की तो बांध होतो. एका बाजूला पाणी अडतं आणि त्या बाजूच्या लोकांच्या घरात जातं. आपल्या जुन्या सोसायट्यांमध्ये बघा, दर दोन-चार वर्षांनी जुन्या डांबरावरच नवीन डांबराचा थर, असं करत करत रस्ता ओट्याच्या वर गेला, आता दोन इंच पावसात गटाराचं पाणी बैठकीत. ज्या भरावाखाली पुरेशा मोऱ्या नाहीत तो रस्ता स्वतः टिकतो आणि शेजाऱ्याला बुडवतो, त्याला टिकाऊ म्हणायचं का? बडोद्यात तर भूखी कांस, मसिया कांस, रूपारेल कांस असे जुने ओढे आहेत, पाणी नदीपर्यंत न्यायचं काम पिढ्यान् पिढ्या त्यांनी केलं. त्यांच्यावरून रस्ता नेताना पाइप किती इंचाचा टाकला यावर अख्ख्या एरियाचं नशीब ठरतं. तो पाइप कुणाला दिसत नाही, त्याचं उद्घाटन होत नाही, म्हणून त्याला पैसा मागणारं पण कुणी नसतं.

मला वाटतं, उलटा प्रश्न विचारायची हिंमत पाहिजे. कुठला रस्ता बुडू द्यायचा? नदीकाठचे काही रस्ते बुडणारच, ती नदीची जागा आहे, मगरी पण तिथेच राहतात आणि 2024 ला त्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये आल्या कारण पाण्याबरोबर त्यांची हद्दच वर सरकली. तर हे रस्ते बुडतील असं मान्य करून असे बांधावे की पाणी वरून गेलं तरी ते वाहून जाणार नाहीत, कडा दगडाने बांधलेल्या, पृष्ठभाग काँक्रीटचा, आणि पाणी उतरलं की चिखल धुऊन चार तासांत चालू. आणि त्याच्या बदल्यात शहरात पूर्व-पश्चिम दोन-तीन वाटा अशा ठरवाव्या की ज्या काही झालं तरी बंद पडणार नाहीत. पूल, त्याचे दोन्ही उतार, पुढचा चौक, तिथून हॉस्पिटलपर्यंतचा रस्ता, अख्खी साखळी. एक कडी जरी खाली राहिली तरी बाकीचा पैसा वाया, हे आम्ही ट्रॉलीत बसून बघितलंय. सगळे रस्ते अर्धवट वाचवण्यापेक्षा तीन वाटा पूर्ण वाचवा, आणि कुठल्या तीन हे शाळेतल्या पोरालाही पाठ असू दे.

पुरानंतरच्या पैशाची गोष्ट तर याहून वाईट आहे. रस्ता वाहून गेला की आपत्तीच्या निधीतून तातडीची दुरुस्ती होते, म्हणजे जसा होता तसा परत. तीच मोरी, तोच पाइप. पुढच्या पुरात परत वाहून जातो, परत दुरुस्ती. हे कुणाला कळत नाही असं नाही, पंधराव्या वित्त आयोगाने तर 2021 ते 2026 साठी राज्यांच्या आपत्ती निधीचे दोन भागच केले, 80 टक्के आपत्ती आल्यावर मदतीसाठी आणि 20 टक्के आपत्तीचा फटका आधीच कमी करण्यासाठी. सगळ्या राज्यांचे मिळून पाच वर्षांचे 1,60,153 कोटी, त्यातले 32 हजार कोटींच्या वर या आधीच्या कामासाठी. म्हणजे दार उघडलेलं आहे. पण त्या दारातून पैसा आणायचा तर हातात यादी पाहिजे, हा पूल, हा उतार, ही मोरी, एवढा खर्च, एवढ्या माणसांचे एवढे तास वाचतील. यादी नसेल तर जो प्रस्ताव तयार असतो तोच जातो, आणि तयार असतो तो बहुतेक वेळा रुंदीकरणाचा.

बाय द वे, एक अगदी फुकटातलं काम पण आहे. पाणी उतरल्यावर रस्ता वरून कोरडा दिसतो पण खालची माती भिजलेली असते, तिच्यात ताकद नसते, आणि त्यावरून पहिल्याच दिवशी वाळूचे आणि खडीचे डंपर गेले की रस्ता कायमचा खचतो. अवजड गाड्या आठ-दहा दिवस दुसरीकडून वळवल्या तर अख्खा रस्ता वाचू शकतो. याला टेंडर लागत नाही, एक बोर्ड आणि दोन माणसं लागतात.

काही जण म्हणतात की आता विश्वामित्री खोल आणि रुंद करायचं काम 2025 च्या पावसाळ्याआधी झालं, अजून पुढे चालू राहील, मग पूर येणारच नाही तर रस्त्यांवर वेगळा खर्च कशाला. नदीचं काम मला मान्य आहे, त्याने पाण्याची पातळी कमी होईल. पण गरनाळं भरायला नदीला पूर यावा लागत नाही, ते त्याच्या डोक्यावर पडलेल्या पावसाने भरतं. आणि कुठलंही एक काम झालं की आता सुटलो असं समजणं हे धोक्याचं आहे. 2001 च्या भूकंपात कच्छला बाकी गुजरातशी जोडणाऱ्या सूरजबारीच्या पुलाला तडाखा बसला आणि कच्छकडे मदत नेणं अवघड होऊन बसलं, तेव्हा अख्ख्या गुजरातने बघितलं की एकाच वाटेवर भरवसा ठेवला की काय होतं. नदी एक वाट आहे पाण्याची, पण माणसांच्या वाटा वेगळ्या धराव्याच लागतील.

सयाजीराव महाराजांनी 1890 च्या दशकात आजव्याचं सरोवर पूर्ण केलं तेव्हा शहर आजच्या मानाने केवढंसं होतं. पण पाइपलाइन टाकताना पुढच्या पिढ्यांचा विचार केला, म्हणून ते पाणी अजून बडोद्याच्या नळाला येतं. आम्हा बडोद्याच्या मराठी लोकांना महाराजांचं नाव घ्यायला फार आवडतं, दर सभेत घेतो, मी पण घेतो. त्यांच्या शहरात एका म्हाताऱ्या माणसाला औषधापर्यंत पोचायला ट्रॅक्टर शोधावा लागतो हे मला सहन होत नाही, म्हणून हे एवढं लांबण लावून लिहितोय.

माझी मागणी फार मोठी नाही. पालिकेने येत्या पावसाळ्याआधी एक नकाशा छापावा, मराठीत नको, गुजरातीतच छापा, सगळ्यांना कळेल. नदीची पातळी किती फुटांवर गेली की कुठला पूल, कुठलं गरनाळं, कुठला उतार बंद होतो आणि त्या वेळी उघडी वाट कुठली. काळा घोड्याची पातळी तर दर तासाला मोबाईलवर येतेच, तिच्याशी जोडून फक्त हे सांगायचं. हा नकाशा एकदा बाहेर आला की पुढचा प्रश्न लोक आपोआप विचारतील, की हा उतार सव्वीस फुटांनाच बंद होतो तर तो दुरुस्त कधी करणार आणि त्याच्या आधी तो फ्लायओव्हर का. बजेटच्या वेळी नगरसेवकाच्या हातात हाच कागद असला पाहिजे आणि आपल्याही.

तोपर्यंत आमच्या गल्लीत आम्ही आमच्यापुरतं केलंय. डायलिसिसवाले तिघं आहेत, दोन गरोदर मुली आहेत, एकजण ऑक्सिजनवर. वहीत त्यांची नावं, कुठल्या दिवशी कुठे जायचं असतं ते, आणि पुढे तीन वाटा पातळीप्रमाणे लिहिल्यात, 20 फूट, 24 फूट, 28 फूट. अठ्ठावीसच्या पुढच्या रकान्यात आम्हाला काहीच लिहिता आलेलं नाही. तिथे सध्या फक्त त्या ट्रॅक्टरवाल्याचा नंबर आहे.